रिसेट होतंय म्हणून सप्लाय फेकू नका

मागच्या अंकात आमच्या बेसमेंटमधल्या जुन्या आर्केड मशीनवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कपाटावर, सहज चार ओळी लिहिल्या, तर त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. मराठी घरांच्या तळघरांत आणि गॅरेजमध्ये इतकी मशीनं दडून बसलीयेत हेच मला माहीत नव्हतं. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, जुना पॉवर सप्लाय काढून नवा स्विचर टाकू का. मी स्वतः ८८-८९ साली दादरला एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पडेल ते रिपेअरिंग करायचो आणि आता न्यू जर्सीत हौस म्हणून करतो, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेवढंच सांगतो.

आधी दोन शब्द कळले की पुढचं सोपं जातं. जुना सप्लाय म्हणजे लिनियर, एक जड ट्रान्सफॉर्मर, डायोडचा ब्रिज, डब्याएवढा कंडेन्सर आणि शेवटी रेग्युलेटर. हा रेग्युलेटर दहाएक व्होल्ट घेतो आणि पाच देतो, उरलेलं उष्णता म्हणून उडवतो, म्हणजे निम्मी वीज नुसती हीटसिंक तापवण्यात जाते. स्विचर म्हणजे आपल्या कॉम्प्युटरमध्ये असतो तसला एसएमपीएस, हलका, थंड, स्वस्त, आणि आर्केडसाठी जो मिळतो त्यावर +५, +१२ आणि -५ असे तिन्ही मिळतात, शिवाय पाचाचं व्होल्टेज थोडं वर-खाली करायला एक छोटा पॉट, म्हणजे फिरवायचं बटण, असतो. त्या पॉटबद्दल पुढे बोलायचंच आहे.

प्रश्न: माझ्याकडे १९७९चं 'अ‍ॅस्टेरॉइड्स' आहे. चालू केलं की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, चित्र थरथरतं आणि दहा मिनिटांनी गेम आपोआप रिसेट होत राहतो. एका ओळखीच्याने सांगितलं की खालचा सगळा पॉवर बॉक्स काढून टाक आणि तीस डॉलरचा स्विचर बसव. करू का? (एक वाचक, एडिसन)

उत्तर: अजिबात नको. ओळखीच्याने चांगल्या मनाने सांगितलं असेल पण त्याने हा गेम बनवणाऱ्या अटारी कंपनीचा तो बॉक्स कधी उघडून बघितलेला दिसत नाही. अटारीच्या त्या काळच्या मशीनमध्ये काम दोन ठिकाणी वाटलेलं असतं. खाली तळाशी ट्रान्सफॉर्मर, फ्यूज आणि तो सुप्रसिद्ध निळा कंडेन्सर, ज्याला इकडचे हौशी लोक लाडाने बिग ब्लू म्हणतात, २७,००० मायक्रोफॅरड आणि १५ व्होल्टचा. आणि वर भिंतीला एक वेगळा बोर्ड, एआर टू, म्हणजे ऑडिओ रेग्युलेटर. नावातच आहे बघा, रेग्युलेटर तोच आणि आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायरही त्याच बोर्डवर. खालच्या ट्रान्सफॉर्मरमधून तुमच्या व्हेक्टर मॉनिटरलाही (ठिपक्यांऐवजी रेषांनी चित्र काढणारा) वेगळा एसी जातो. म्हणजे हे सगळं काढून स्विचर लावलात तर पाच व्होल्ट अगदी छान मिळतील, फक्त चित्र नाही आणि आवाज नाही.

तुमची लक्षणं वाचून माझा पहिला संशय त्या निळ्या कंडेन्सरवर आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, आतलं द्रव सुकतं, मग त्याला लाटा गुळगुळीत करता येत नाहीत आणि भिंतीतल्या विजेची घरघर थेट स्पीकरपर्यंत पोचते. मीटर एसीवर ठेवून गेमच्या बोर्डच्या ५ व्होल्टच्या टेस्ट पॉइंटवर बघा, काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक, आकडा शेकड्यात गेला तर कंडेन्सर बदला. नवा घेताना व्होल्टेज १५ किंवा जास्त, मायक्रोफॅरड जुन्याच्या आसपास, आणि प्लस-मायनस तीनदा तपासा. काढायच्या आधी मशीन बंद, प्लग भिंतीतून बाहेर, आणि १०० ओहमचा दोन-तीन वॅटचा रेझिस्टर त्याच्या दोन्ही स्क्रूंना पंधरा-वीस सेकंद लावून चार्ज उतरवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढायची आपल्याकडची जुनी पद्धत मला माहितीये, मीही केलीय, तुम्ही करू नका. आणि आत हात घातलाच आहे तर पिक्चर ट्यूबच्या त्या जाड लाल वायरपासून लांब राहा, तिथे हजारो व्होल्ट असतात आणि मशीन बंद केल्यावरही ते टिकून बसतात.

आता रिसेटचं. गेमच्या बोर्डवरच्या टीटीएल जातीच्या चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात, त्याच्या खाली गेलं की प्रोसेसर भरकटतो आणि मग वॉचडॉग नावाचं सर्किट त्याला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. यात बिचाऱ्या सप्लायचा दोष असेलच असं नाही, बोर्डला जो कनेक्टर बसतो त्याच्यावर काळा थर असेल तरी हेच होतं. अटारीने इथे एक हुशारी केली होती, सेन्स म्हणून वेगळ्या बारीक वायरी बोर्डपर्यंत नेल्या, म्हणजे रेग्युलेटरला बोर्डवर प्रत्यक्ष किती पोचलं ते कळावं आणि कमी पडलं तर त्याने वाढवून द्यावं. नवीन असताना उत्तम. पण कनेक्टर खराब झाला की रेग्युलेटर वाढवत वाढवत जातो, आणि जाड वायरीची वाट बंद झाली तर करंट त्या बारीक वायरीतून जायला बघतो आणि एआर टू वरचे आर२९ आणि आर३० हे दोन रेझिस्टर काळे ठिक्कर पडतात. तुमच्याकडे ते दोन जळलेले दिसले तर समजा गुन्हेगार कनेक्टर आहे. काही जण ते दोन शॉर्ट करून सेन्स बंदच करतात आणि मग व्होल्टेज बोर्डवर मोजून हाताने सेट करतात. चालतं, मीही एका मशीनवर केलंय, पण आधी कनेक्टर साफ, मग हे.

तर क्रम असा ठेवा, कनेक्टरच्या पिना आणि बोर्डच्या कडेच्या पट्ट्या साध्या पेन्सिलच्या खोडरबराने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ, फ्यूजच्या क्लिपा घट्ट आणि चकचकीत, मग कंडेन्सर, आणि सगळ्यात शेवटी बोर्डवर ५.० ते ५.१ च्या मध्ये सेट. माझ्या मते तीस डॉलरच्या जागी पंधरा-वीस डॉलरमध्ये काम होईल आणि मशीन अटारीचंच राहील.

प्रश्न: 'पॅक-मॅन', १९८०, मिडवेचं कॅबिनेट. माझ्या मशीनमध्ये वेगळा सप्लाय सापडतच नाही, नुसता ट्रान्सफॉर्मर आहे. स्विचरच्या वायरी कुठे जोडू? आणि कनेक्टर एका बाजूला तपकिरी झालाय, ते चालेल का? (एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर: तुम्हाला सापडत नाही कारण तो बोर्डवरच आहे. पॅक-मॅनमध्ये ट्रान्सफॉर्मर ७ व्होल्टचा एसी थेट गेमच्या बोर्डवर पाठवतो आणि तिथेच डायोड, कंडेन्सर, रेग्युलेटर मिळून ५ व्होल्ट डीसी करतात. हे डिझाइन ज्याने केलं त्याला सलाम करावा का चार शब्द सुनवावे मला कळत नाही, कारण सगळा जड करंट त्या ४४ पिनांच्या कनेक्टरच्या दोन-चार पिनांमधून जातो आणि वर रेग्युलेटरची भट्टी त्याच बोर्डवर पेटलेली.

तो तपकिरी डाग चालणार नाही. समजा एखाद्या पिनमध्ये थोडीशी कीट बसून ०.१ ओहमचा अडथळा झाला आणि तिच्यातून ४ अँपिअर चाललेत, तर त्या शेंगदाण्याहून लहान जागेत १.६ वॅट उष्णता तयार होते, आणि ती बाहेर जायला वाट नाही. गरम झाली की पिनेची स्प्रिंग मऊ पडते, पकड सुटते, अडथळा वाढतो, अजून गरम. माझ्याकडे एक पॅक-मॅन आलं होतं त्यात कनेक्टर बाहेर ओढला तर प्लॅस्टिकचा तुकडा बोर्डलाच चिकटून राहिला, तपकिरी नव्हे पार काळा, आणि जळक्या मेणासारखा वास दोन दिवस गॅरेजमधून जाईना. बोर्डच्या कडेची तांब्याची पट्टी नखाने उचलली तर पापुद्र्यासारखी निघाली.

करायचं काय, तर कनेक्टर नवा टाका, संपूर्ण, फक्त एक पिन बदलून काटकसर करू नका. तांब्याच्या पट्ट्या ठीक असतील तर साफ करा, उडालेली असेल तर नवी पट्टी लावून मिळते किंवा चिकटवता येते, ते काम नाजूक आहे. मूळ पद्धत एवढ्याने चालते. स्विचर टाकायचाच असेल तर त्याच्या ५ व्होल्टच्या वायरी एसीच्या पिनांना जोडायच्या नाहीत हे लक्षात ठेवा, वाटेत डायोड आणि रेग्युलेटर आहेत, ते आपला हिस्सा खाणार आणि पलीकडे पुरेसं उरणारच नाही. बोर्डवरचा रेग्युलेटर बायपास करावा लागतो, म्हणजे चाळीस वर्षांच्या बोर्डवर सोल्डरिंग आलं, किंवा मधे बसणारा तयार अ‍ॅडॅप्टर बोर्ड मिळतो तो घ्यायचा. आवाजाच्या अ‍ॅम्प्लिफायरला वेगळे १२ लागतात ते विसरू नका.

आणि ट्रान्सफॉर्मर काढून टाकू नका, कृपा करून. मॉनिटर आणि कॉइन डोअरचे, म्हणजे नाणी टाकायच्या दरवाज्याचे, छोटे दिवे अजूनही त्याच्यावरच आहेत. तसल्या बऱ्याच रंगीत मॉनिटरची चासी हॉट असते, म्हणजे लोखंडी पत्र्याचा थेट भिंतीतल्या विजेशी संबंध, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून वेगळं ठेवणारा, नसेल तर मॉनिटर आणि गेम बोर्डच्या ग्राउंड एकमेकांना भेटतात आणि धूर निघतो, मधे तुमचा हात असेल तर तुमचाही.

प्रश्न: काका, मी कोल्हापूरचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या मामाचं पूर्वी व्हिडिओ गेम पार्लर होतं, त्यातलं एक कॅबिनेट मला मिळालं, आत 'स्ट्रीट फायटर टू'चा बोर्ड आहे. सप्लाय मेलाय. जुन्या पीसीचा एसएमपीएस लावला तर चालेल का? आणि कॉइनच्या दरवाज्याला हात लावला की झिणझिण्या येतात, मामा म्हणतो ते पहिल्यापासूनच होतं.

उत्तर: तुझं पत्र वाचून मला दादरचं ते पार्लर आठवलं, तिथेही पोरं चप्पल काढून खेळली की ओरडायची. मामाला सांग, पहिल्यापासून होतं म्हणून ते बरोबर होत नाही.

आधी झिणझिण्या. एसएमपीएसच्या आत इनपुटला फिल्टरचे दोन छोटे कंडेन्सर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. बॉडी अर्थ केलेली नसेल तर ती दोघांच्या बरोबर मधे लटकते, म्हणजे २३०च्या निम्म्यावर, ११५च्या आसपास. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या, पण त्यातला एखादा कंडेन्सर शॉर्ट झाला तर पूर्ण फेज पत्र्यावर. पार्लरवाले टू-पिन प्लग लावून मोकळे व्हायचे. तू तीन पिनांचा प्लग लाव, अर्थची हिरवी वायर सप्लायच्या अर्थ टर्मिनलला, तिथून कॉइन डोअरला आणि कंट्रोल पॅनलच्या पत्र्याला. आणि घराची अर्थिंग खरी आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घे, नुसतं सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे आत वायर आहे असं नसतं. अर्थ नाही म्हणून न्यूट्रलला जोडायचा शॉर्टकट कुणी सांगितला तर त्याचा चहा पी आणि सल्ला सोड.

आता पीसीचा एसएमपीएस. चालेल, म्हणजे पेटेल, हिरवी वायर काळीला जोडली की सुरू होतो. पण पाच व्होल्ट त्यात वाढवता येत नाहीत, आणि हार्नेसमध्ये, म्हणजे बोर्डला जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात, थोडं व्होल्टेज पडलं की बोर्डवर ४.८ राहतं. नव्या पीसी सप्लायमध्ये -५ नसतोच, तुझ्या बोर्डला तो लागत नाही ही गोष्ट वेगळी, पण उद्या मामाच्या माळ्यावर ८०च्या दशकातला बोर्ड सापडला तर अडशील. मी म्हणेन आर्केडचाच स्विचर घे, ५ व्होल्टला १५ अँपिअरच्या आसपासचा. लावायच्या आधी त्याच्यावरचा ११५/२३०चा छोटा लाल स्विच बघ!!! तो ११५वर राहिला आणि तू आपल्या २३०च्या सॉकेटला लावलास तर आतल्या कंडेन्सरवर साडेसहाशेच्या जवळपास व्होल्ट येतात आणि दिवाळी होते. मी केलीय ती दिवाळी, एका नवीन मालासकट, आणि दुकानदाराने अर्थातच परत घेतला नाही.

जोडणी तुला सोपी आहे, कारण तुझा बोर्ड जॅमाचा आहे, म्हणजे जपानी उत्पादकांनी १९८५ साली ठरवलेला ५६ पिनांचा कनेक्टर, एका बाजूला १ ते २८ आकडे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरं. १, २, ए, बी ग्राउंड, ३, ४, सी, डी म्हणजे ५ व्होल्ट, ५ आणि ई उणे पाच, ६ आणि एफ बारा. पाच व्होल्टच्या चारही पिनांना वायर दे, पार्लरमधली हार्नेस उघडून बघ, बहुतेक एकाच बारीक वायरीवर सगळा भार असेल. सातव्या पिनेच्या जागी एक प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते, तिला 'की' म्हणतात, म्हणजे कनेक्टर उलटा बसत नाही, जुन्या कनेक्टरमधून ती हमखास पडलेली असते. बोर्ड लावायच्या आधी नुसता कनेक्टर धरून प्रत्येक पिनेवर मीटरने मोज. आणि मग बोर्ड लावून परत मोज, कारण काही स्विचर लोड नसताना काहीही आकडे दाखवतात.

त्या पॉटबद्दल सांगायचं राहिलं होतं. असंच एक स्विचरवालं मशीन रिसेट व्हायचं, मी शहाण्यासारखा पॉट थोडा फिरवला, बरं झालं, पंधरा दिवसांनी परत रिसेट, परत थोडा फिरवला. असं करत सप्लायवर साडेपाच आणि बोर्डवर ४.८. मग एक दिवस डोक्यात प्रकाश पडला, कनेक्टर काढला, मस्त चकचकीत केला, लावला, चालू केलं. पॉट खाली करायचा विसरलो. अडथळा गेला होता, साडेपाचच्या साडेपाच सरळ बोर्डवर, आणि दोन चिपा गेल्या. म्हणून सप्लायवर काय आकडा आहे ते मला सांगू नका, बोर्डवर काय आहे ते सांगा.

प्रश्न: 'रोबोट्रॉन' (१९८२) मध्ये नवा स्विचर बसवला, +५ आणि +१२ बरोबर मोजले, तरी स्क्रीनवर रंगीत कचरा. आधी फक्त कधीकधी अडकायचं. काय चुकलं? (एक वाचिका, शिकागोजवळून)

उत्तर: ताई, पत्रात तुम्ही -५ चा उल्लेखच केला नाहीये आणि मला तिथेच धाकधूक वाटतेय. रोबोट्रॉन बनवणाऱ्या विल्यम्स कंपनीच्या त्या काळच्या बोर्डवर, डिफेंडर, जाउस्ट, रोबोट्रॉन, सगळ्यांवर ४११६ नावाच्या रॅमच्या २४ चिपा असतात. या चिपेला तीन व्होल्टेज लागतात, +१२, +५ आणि -५, आणि त्यातला -५ सगळ्यात आधी यावा आणि सगळ्यात शेवटी जावा अशी तिची अट. बाराचा पुरवठा चालू आणि उणे पाच गायब, तर ती तापते आणि मरते, काही सेकंदांत सुद्धा. त्या -५ वरून करंट जेमतेम जातो म्हणून सगळे त्याला किरकोळ समजतात, बारीक वायर, ढिला स्क्रू.

मशीन चालू ठेवून तपासत बसू नका. बोर्डचे कनेक्टर काढा, फक्त सप्लाय चालू करा, -५ येतोय का बघा, मग वायर बोर्डच्या कनेक्टरपर्यंत पोचते का बघा. मिळाला नाही तर कारण सापडलं, आणि चिपा बहुधा गेल्यात. पुन्हा ४११६च टाकायच्या किंवा ४१६४ लावून बोर्डवर थोडे बदल करायचे, ती नुसत्या पाचावर चालते, म्हणजे ही डोकेदुखी कायमची संपते. मूळपणाचा आग्रह धरणारे नाक मुरडतील. मी स्वतः सप्लायच्या बाबतीत जुनं टिकवावं या मताचा आहे पण ४११६साठी रडणार नाही.

प्रश्न: 'डाँकी काँग'च्या आत १०० व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर आहे. अमेरिकेत याची गरज काय? काढला तर जागा होईल. (एक वाचक, ह्यूस्टन)

उत्तर: जपानची वीज १०० व्होल्टची, १९८१चं हे मशीन निंटेंडोचं आणि आतला मॉनिटर जपानी सान्योचा, त्याला १००च लागतात. शिवाय वर सांगितलेलं आयसोलेशनही तोच करतो. सप्लाय बदला हवा तर, ट्रान्सफॉर्मरला हात लावू नका. जागा करून तिथे काय ठेवणार आहात?

प्रश्न: मूळ सप्लाय काढला तर मशीनची किंमत कमी होते का? (चार-पाच जणांनी विचारलंय)

उत्तर: घेणाऱ्यावर आहे. मला कुणी विकायला आणलं तर मी मागचं दार उघडून बघतो, स्विचर दिसला तर वाईट वाटत नाही, पण वायरी कापून इन्सुलेशन टेपने गुंडाळलेल्या दिसल्या की लगेच भाव पाडतो. त्यामुळे एकही जुनी वायर कापू नका, जुळणारे कनेक्टर विकत मिळतात, दोन-चार डॉलरचे, ते लावून स्विचर जोडा म्हणजे उद्या परत उलटं करता येतं. काढलेला सप्लाय झिपलॉक पिशवीत घालून, वर तारीख आणि काय बिघडलं होतं ते लिहून, कॅबिनेटच्या तळाशी ठेवून द्या. आमच्याकडे अशा एका पिशवीवर बायकोने 'जपून ठेवलेला कचरा' असं लिहिलंय, तरी ठेवलीय.

जाता जाता शिकागोच्या ताईंसाठी अजून एक, इतर विल्यम्सवाल्यांनीही ऐका. त्याच बोर्डवर स्कोअर लक्षात ठेवायला तीन पेन्सिल सेल बसवलेले असतात. ते शेवटचे कधी बदलले आठवत नसेल तर हे वाचून झाल्यावर खाली जाऊन आधी ते काढा, हिरवट पांढरी पावडर दिसली तर व्हिनेगरने पुसा, मग अल्कोहोलने, आणि पुढच्या वेळी सेलचा होल्डर वायर लावून बोर्डपासून लांब लटकवा.